वाचकांचे प्रश्न : आईच्या वेदनाशामक गोळ्या आणि नवजात बाळाचे आतडे

या महिन्यात खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची होती. गरोदरपणात आईच्या पोटात गेलेल्या अफूवर्गीय औषधांचा बाळाच्या पोटावर काय परिणाम होतो, असे त्यांत विचारले होते. या विषयावर घरात आणि दवाखान्यातही फार कमी बोलले जाते, म्हणून या वेळी सर्व जागा या चार पत्रांनाच दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यात केळीच्या बागांत मजुरी करतो. पत्नीला पाचव्या महिन्यापासून कंबरदुखीचा फार त्रास होता, म्हणून ती दुकानातून ट्रामाडॉलच्या गोळ्या आणून रोज घेत होती. बाळ पूर्ण दिवसांचे, अडीच किलोचे झाले. पण दुसऱ्या दिवसापासून ते सारखे किंचाळून रडू लागले, अधाशासारखे दूध ओढून लगेच ओकू लागले आणि पाण्यासारखी शी होऊन त्याचे ढुंगण सोलवटले. माझी आई म्हणाली, ‘पोऱ्याले नजर लागनी.’ आईचे दूध बाधले असेल म्हणून अंगावर पाजणेही तिने बंद करायला लावले. डॉक्टरांनी गोळ्यांविषयी विचारले तेव्हा पत्नी घाबरून ‘काहीच घेतले नाही’ असे म्हणाली. बाळ आता बारा दिवसांचे आहे. रडणे कमी झाले आहे, पण वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमीच आहे. त्याचे आतडे कायमचे बिघडले असेल का?

उत्तर : भाऊ, बाळाला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेऊन गोळ्यांची खरी माहिती द्या, असे आम्ही तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी फोनवरून कळवले होते. येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तुमच्या घरात घडले तसे इतर घरांतही घडत असणार. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. बाळाच्या आतड्याला जो त्रास झाला तो बहुतेक बाळांमध्ये काही आठवड्यांत निवळतो. मात्र त्या आठवड्यांत बाळाचे वजन, त्याच्या अंगातले पाणी आणि आईचे दूध या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन आणि हेरॉइन हे सर्व पदार्थ अफूच्या कुळातले आहेत. काही थेट अफूपासून निघतात, तर काही कारखान्यात बनतात, पण शरीरात ते एकाच प्रकारच्या जागांवर जाऊन बसतात. या जागा मेंदूत आहेत तशाच आतड्यातही आहेत. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे असते. हे जाळे विणणाऱ्या पेशी गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कळत असते त्या काळात, मानेकडच्या भागातून निघून आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. अन्न पुढे ढकलणारी लाट, पाचक रस आणि आतड्यात पाझरणारे पाणी यांवर या जाळ्याचे नियंत्रण असते. अफूवर्गीय औषध त्यावर बसले की लाट मंदावते आणि पाणी कमी पाझरते. मॉर्फिन घेणाऱ्या मोठ्या माणसाला बद्धकोष्ठ होते ते याच कारणाने, आणि पूर्वीच्या काळी जुलाबावर अफू देत तेही यामुळेच.

आईच्या रक्तातून गर्भाला पोषण पोहोचवणारी वार (प्लासेंटा) ही औषधे सहज ओलांडतात. आईने रोज गोळी घेतली की गर्भाच्या आतड्यालाही रोज त्याचा वाटा मिळतो, आणि त्या दडपणाखाली काम चालू ठेवण्यासाठी आतड्याच्या पेशी आपला जोर वाढवून घेतात. मग बाळ जन्मते, नाळ कापली जाते आणि औषधाचा पुरवठा त्या क्षणी थांबतो. विहिरीवर भरलेली मोट ओढणाऱ्या बैलांचा नाडा अचानक तुटला, तर ते आपल्याच जोराने पुढे धडपडतात. बाळाच्या आतड्याचेही तसेच होते. दडपण गेलेले असते, पण वाढवलेला जोर तसाच राहतो, त्यामुळे लाटा भराभर येतात, पाणी जास्त पाझरते, पोटात कळा येतात, दूध पचण्याआधीच पुढे सरकते आणि पाण्यासारखी शी होते. मेंदूतही हेच घडत असल्याने बाळ थरथरते, किंचाळते, वारंवार शिंकते, जांभया देते. ते अधाशासारखे चोखते, पण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही, म्हणून हवा गिळली जाते आणि उलटी होते. या सगळ्याला विथड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याची लक्षणे, म्हणतात. हेरॉइनच्या बाबतीत ती बहुधा पहिल्या २४ तासांत दिसतात, तर मेथाडोन (हेही अफूच्या कुळातलेच औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिन असेल तर २४ ते ७२ तासांत, क्वचित त्याहूनही उशिरा दिसतात. तुमच्या बाळाचा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला, हे या चित्राशी जुळणारे आहे. तरीही जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा कॅल्शियम कमी होणे यांतही बाळ असेच वागू शकते, म्हणून तपासण्या करूनच निदान करावे लागते.

१९७५ साली अमेरिकेतील डॉ. लॉरेटा फिनेगन यांनी अशा बाळांना गुण देऊन त्यांचा त्रास मोजण्याची पद्धत मांडली. त्यात पोटासाठी स्वतंत्र विभाग होता आणि सैल शी व पाण्यासारखी शी यांना वेगवेगळे गुण होते. अलीकडे अनेक ठिकाणी याहून सोपी पद्धत वापरतात. बाळ पुरेसे दूध पिते का, निदान तासभर सलग झोपते का आणि दहा मिनिटांच्या आत शांत होते का, एवढेच त्यात पाहायचे. उपचारही आधी आईची कूस, अंधूक उजेड, शांतता आणि वारंवार पाजणे हेच. त्यांनी भागले नाही तरच औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतील २६ रुग्णालयांतील १३०५ बाळे होती. या पद्धतीने बाळ घरी जाण्याजोगे होण्याचा सरासरी काळ १४.९ दिवसांवरून ८.२ दिवसांवर आला, आणि औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आले. आईच्या कुशीचे मोल यापूर्वी कोणी आकड्यांत इतके स्पष्ट दाखवले नव्हते, असे मला वाटते.

आता दुधाविषयी लिहिते. तुमच्या आईंनी काळजीपोटीच सांगितले असेल, पण या बाळाला आईच्या दुधाची गरज इतर बाळांपेक्षा अधिक आहे. आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींची एकेरी भिंत असते आणि त्या पेशींमधले सांधे घट्ट असावे लागतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की मॉर्फिनमुळे हे सांधे सैल होतात, आतड्यातील उपयुक्त जिवाणू घटतात आणि काही जिवाणू अस्तरापलीकडे जातात. माणसाच्या बाळावर तेच निष्कर्ष जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही, पण नवजात बाळाचे अस्तर मुळातच कोवळे असते, म्हणून त्याला आधार देणारी प्रत्येक गोष्ट द्यावी. आईच्या दुधातील एक प्रकारच्या शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या बिफिडो जातीच्या चांगल्या जिवाणूंचे अन्न असतात. दुधातील प्रतिद्रव्ये अस्तरावर लेपासारखी बसतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर आतड्याचा भाग सुजून मृत होण्याचा जो भयंकर आजार होतो, त्याचा धोकाही आईच्या दुधाने कमी होतो.

यात एक अट आहे. ट्रामाडॉल आणि कोडीन काही स्त्रियांच्या शरीरात फार वेगाने प्रखर रूपात बदलतात आणि दुधातून बाळाला गुंगी आणू शकतात, म्हणून ही दोन औषधे चालू असताना अंगावर पाजू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. म्हणून तुमच्या पत्नीची गोळी बदलायची आहे, दूध तोडायचे नाही. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे पाजणाऱ्या आईला चालतात. मात्रा डॉक्टर ठरवतील. त्या अजूनही ट्रामाडॉल घेत असतील, तर ते एकदम तोडल्याने त्यांनाही घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी असा त्रास होईल, म्हणून हेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. दूध आटल्यासारखे वाटत असले तरी ते बहुधा परत येते. त्यासाठी बाळाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, छातीशी धरावे लागेल आणि मध्ये दूध हाताने काढावे लागेल. या कामात तुमच्या आईंची मदत मोलाची ठरेल. दूध येईपर्यंत वरचे काय आणि किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. सोलवटलेली जागा साबणाने न धुता कोमट पाण्याने स्वच्छ करा, कोरडी होऊ द्या आणि झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावा. वजन जन्माइतके होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. बारा दिवसांनीही ते कमी असल्याने दर दोन-तीन दिवसांनी वजन करणे आवश्यक आहे.

तुमच्या पत्नी खोटे बोलल्या म्हणून त्यांना रागावू नका. नवजात कक्षात काम करू लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाळाचे जुलाब मी जंतुसंसर्ग समजले होते आणि पाच दिवस प्रतिजैविके देत राहिले. सहाव्या दिवशी एका परिचारिकेने आईजवळ बसून हळुवारपणे विचारले, तेव्हा तिने खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाच्या रिकाम्या बाटल्या पिशवीतून काढून दाखवल्या. मी तिला पहिल्या दिवशी सर्वांसमोर, चढ्या आवाजात विचारले होते. ती चूक माझी होती, आणि त्या पाच दिवसांत बाळाच्या आतड्यात जे थोडे चांगले जिवाणू रुजत होते, तेही माझ्या औषधांनी मारले गेले असतील, हे मला आजही बोचते.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेलचा आजार आहे. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव भागात राहतो. तिला सातवा महिना चालू आहे. हाडे ठणकू लागली की तिला रुग्णालयात नेतो, तेथे कधी ट्रामाडॉल तर कधी पेंटाझोसिनचे इंजेक्शन देतात. बाळाला त्रास होईल या भीतीने तिने आता सर्व वेदनाशामके बंद करायचे ठरवले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, ताई, तिला तसे करू देऊ नका. वेदना दाबून घरी बसणे हे सिकलसेलच्या गरोदर स्त्रीसाठी औषधापेक्षा जास्त धोक्याचे आहे. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या वेळी शरीरात पाणी कमी पडले, ताप आला किंवा प्राणवायू घटला, तर छातीत गुंतागुंत होऊन आईच्या जिवाला धोका होतो आणि वारेतून बाळाला मिळणारे रक्तही घटते. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून तुमच्या भागातील प्रत्येक घराला हे ठाऊक असले पाहिजे.

अडचण खरी आहे, ती लपवत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे २० व्या आठवड्यानंतर टाळावी लागतात, कारण त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. मग पॅरासिटामॉल, शिरेतून द्रव, प्राणवायू आणि गरज पडेल तेव्हा अफूवर्गीय औषध, एवढेच उपाय उरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कळ आली तेव्हापुरते घेतलेले औषध आणि महिनोन्‌महिने रोज घेतलेली गोळी यांत मोठा फरक आहे. अधूनमधून घेतलेल्या औषधाने बाळाला विथड्रॉवल होण्याची शक्यता फार कमी असते, तर रोज घेतल्यास ती वाढत जाते.

आणि रोज घेत असली तरीही ते एकदम थांबवायचे नाही. गरोदरपणात अफूवर्गीय औषध अचानक तुटले तर त्याची लक्षणे आईइतकीच गर्भालाही होतात आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. अकाली जन्मलेल्या बाळाच्या आतड्याला जो धोका असतो, तो विथड्रॉवलच्या जुलाबांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. म्हणूनच व्यसन जडलेल्या गरोदर स्त्रियांनाही सर्व बंद करायला न सांगता ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नियमित मात्रेत देतात. पेंटाझोसिनचा एक गुण मात्र लक्षात ठेवावा लागतो. जिच्या शरीराला दुसऱ्या अफूवर्गीय औषधाची रोजची सवय झालेली आहे, तिला ते दिले तर उलट औषध तुटल्याची लक्षणेच सुरू होऊ शकतात. म्हणून कोणते औषध, कधी आणि किती मिळाले याची नोंद असलेला कागद बहिणीच्या पिशवीत नेहमी असू द्या. बाळंतपणही नवजात शिशू अतिदक्षता कक्ष असलेल्या जिल्हा रुग्णालयातच ठरवा. जन्मल्यावर बाळ श्वास घेत नसेल तर नालोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय औषधाचा परिणाम उतरवणारे इंजेक्शन, देण्याचा विचार होऊ शकतो, पण आई रोज अफूवर्गीय औषध घेणारी असेल तर त्या इंजेक्शनने बाळाला झटके येऊ शकतात. प्रसूती करणाऱ्याला हे आधीच माहीत असले पाहिजे. तपासणीवर भर असलेली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली; बाळाच्या वडिलांची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. नव्या बाळाला दिवसातून सात-आठ वेळा शी होते, असे बहुतेक आया सांगतात. मग साधी शी कोणती आणि औषध तुटल्याची कोणती, हे घरभेटीत मी कसे ओळखू?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण रुग्णालयातून लवकर घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पाहणाऱ्या तुम्हीच असता, आणि त्रास नेमका त्याच दिवसांत दिसतो. आधी पहिली काळी शी कधी झाली ते विचारा. पूर्ण दिवसांच्या बाळाला ती बहुधा २४ तासांत होते, ४८ तास उलटले तर डॉक्टरांना दाखवावे. (ही काळी शी गर्भाच्या पोटात महिनोन्‌महिने साठत असते, त्यामुळे आईने घेतलेल्या औषधांचा मागही त्यात सापडतो आणि काही देशांत ती त्यासाठी तपासतात.) अंगावर पिणाऱ्या बाळाची शी चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पिवळी, बारीक रवाळ आणि सैलसर असते, दिवसातून आठ वेळा झाली तरी बाळ मध्ये शांत झोपते, लघवी सहा-सात वेळा होते आणि वजन वाढते. ते जुलाब नव्हेत. औषध तुटल्याच्या शीमध्ये घट्ट भाग थोडा आणि पाणी फार असते, दुपट्यावर त्याचे मोठे ओले कडे उमटते आणि दोन दिवसांत कातडी सोलवटते. सोबत किंचाळणे, हातपाय थरथरणे, शिंका आणि सतत चोखूनही पोट न भरणे ही लक्षणे असतात. केवळ शीवरून ठरवू नका, बाळ उघडे करून पाच मिनिटे नुसते पाहत बसा.

हिरवी उलटी, फुगून ताणलेले पोट, शीतून रक्त, खोल गेलेली टाळू, आठ तासांत लघवी नसणे, अंग गार पडणे किंवा बाळ मलूल होऊन दूध न ओढणे, यांपैकी एक जरी दिसले तर घरी काहीही न देता १०२ किंवा १०८ ला फोन करून त्याला रुग्णालयात हलवा. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तेथे तासाला महत्त्व असते. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील उपचार आणि वाहन मोफत आहे, हे घरच्यांना आवर्जून सांगा. पैशाच्या भीतीने अनेक बाळे उशिरा येतात.

आईला विचारताना ‘नशा करतेस का’ असे कधीच विचारू नका. सासू चहा करायला उठली की आईला एकटीला विचारा, ‘नऊ महिन्यांत दुखण्यासाठी, झोपेसाठी, खोकल्यासाठी काय काय घेतलेस?’ गोळीचे नाव तिला येत नसेल, पण पाकीट घरात सापडते. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, म्हणून आईला पोलिसांची भीती वाटते. तुम्ही तक्रार नोंदवायला आलेला नाहीत, बाळाच्या पोटासाठी विचारत आहात, हे तिला त्याच वेळी सांगा. घरात कोणाला व्यसनाची सवय असेल, तर १४४४६ हा केंद्र शासनाचा मोफत मदत क्रमांक आहे.

प्रश्न : बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत आम्ही खसखस घालतो. ती अफूचीच बी ना? आणि आमच्या सासूबाई सांगतात, पूर्वी बाळाने शांत झोपावे म्हणून अफूची बाळगोळी देत. आता कोणी दिलीच तर काय करावे? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : लाडवांतली, खिरीतली किंवा मसाल्यात भाजून वाटलेली खसखस नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. बी त्याच झाडाचे असले तरी अफूचा चीक बोंडात असतो, बियांना तो थोडासा लागलेला असतो, आणि धुतल्याने व भाजल्याने तोही कमी होतो. बोंडे किंवा डोडे उकळून केलेला काढा मात्र गरोदर बाईने आणि बाळंतिणीने अजिबात घेऊ नये. त्यात मॉर्फिन किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही.

बाळगोळी शेतावर आणि गिरणीत जाणाऱ्या मातांनी दिली, कारण तान्ह्या बाळाला सांभाळायला मागे कोणी नसे. त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. पण तीच गोळी बाळाचा श्वास थांबवू शकते, आणि जी बाळे तिला सरावत, त्यांचे पोट आळसावून भूक मरत असे. आज कोणी ती दिल्याचे कळले, बाळ उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक असेल, डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नका, दूध पाजू नका. १०८ ला फोन करा, बाळाला कुशीवर निजवून त्याचा श्वास पाहत राहा आणि उरलेली गोळी किंवा डबी सोबत घेऊन रुग्णालयात जा.